वकीलबाईंनी घातलेली अंगठी

हेपो
१९ मे, रविवार, दुपार

वकीलबाईंना दा-सोमचा वाकून नमस्कार.

तुमचा घसा कसा आहे? प्रचारात बसला तो अजून सुटला नाही असं बाजारात ऐकलं. नाशपातीत मध घालून वाफवून खात जा, तुम्हाला कितीदा सांगितलं. इथे से-बोम बरी आहे. खालचे दोन दात आलेत, वरचा एक येतोय. माझ्या नवऱ्याचा बोटीवरून मागच्या आठवड्यात फोन आला होता, आवाज तुटत होता, ट्युना बरा मिळतोय एवढं कळलं. ऑगस्टशिवाय तो काही येत नाही.

मी तीन रात्री झोपले नाही. शेजारणींना सांगते, पोरीला दात येतायत. पण पोरगी झोपते हो, मीच जागी असते. ती अंगठी मला झोपू देत नाही. डोळे मिटले की निवडणूक कचेरीतलं ते टेबल दिसतं, त्याच्यावरचा कागद दिसतो. कागदाचं पुढे सांगते. मला एकदम सांगता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

फोन केला असता, पण फोनवर मला रडू येतं आणि मग काय बोलते ते माझं मलाच कळत नाही. आणि तुमचा फोन हल्ली कूसाहेबांकडे असतो. तुमचं ऑफिस सांभाळायला ते चांगले आहेत, पण हे त्यांनी ऐकायचं नाही. म्हणून पत्र. शाळा दहावीला सुटली, तेव्हापासून एवढं मोठं कधी लिहिलं नाही. चुका असतील त्या बाजूला करून वाचा.

कोणीतरी से-बोमच्या वाढदिवसाचा फोटो आयांच्या ग्रुपवर टाकला, आणि पलीकडच्या पक्षाच्या लोकांनी तो उचलून तक्रार केली, हे तुम्हाला कळलं असेलच. खासदार योम ग्योंग-ओक यांनी मतदाराच्या मुलीला सोनं दिलं, असं त्यात लिहिलंय म्हणे. खासदार म्हणजे तुम्ही, मतदार म्हणजे मी. मला हसू आलं आधी. मग नाही आलं.

लिहिता लिहिता मागचंच आठवतंय. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी लिहिते. मागचं लिहायला सोपं जातं.

तुम्ही हेपोत आलात तेव्हा मी तेरा वर्षांची होते. लोक म्हणायचे, राजधानीत चाललं नाही म्हणून ही बाई इथे आली. जाळीवाल्याच्या दुकानावर तुमची खोली होती. तुमच्याकडे एकच खुर्ची, ती तुम्ही आईला दिलीत आणि स्वतः कागदांच्या खोक्यावर बसलात. गी-सोकदादा तेव्हा कोठडीत होता. गोदीत क्रेनवरचा लोखंडी पत्रा सुटून दोन माणसं गेली होती, आणि मुकादम म्हणत होता, इशारा देणाऱ्या पोराने झेंडा चुकीचा दाखवला. तो पोरगा म्हणजे माझा दादा, एकवीस वर्षांचा. त्याच्याच बरोबर डबा खाणाऱ्या एकाने कागदावर सही करून दिली होती, की हो, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, झेंडा चुकीचाच होता.

आई म्हणाली, "बाई, वकिलाला द्यायला आमच्याकडे काही नाही. मी कालवं फोडते."

तुम्ही म्हणालात, "मला कालवं फोडता येत नाहीत. शिकवाल का?"

आईला वाटलं, थट्टा करतात. घरी येईपर्यंत ती बडबडत होती, मोठ्या लोकांना गरिबाचं हसू येतं म्हणून. पण रविवारी तुम्ही खरंच कालवं फोडायच्या शेडमध्ये आलात, आणि पहिल्याच कालवाला अंगठा कापून घेतलात. तिथल्या मावश्या हसून हसून पडायच्या राहिल्या. योंग-डोक मावशी ओरडली, "ए वकील! ते कोर्ट नाही, तोंडातून आत शिरायला. मागून बिजागरीत घाल सुरी!" तुम्ही चिंधी बांधून परत बसलात. दर रविवारी आलात. तुम्ही फोडलेली कालवं सगळी चिंधड्या झालेली असायची, आई ती घरी सूपात घालायची. पण त्या शेडमध्ये निम्म्या बायकांचे नवरे गोदीतले. हात चालू असले की तोंडही चालू असतं. क्रेनची तार दोन वर्षांत बदललेली नाही, हे तुम्ही तिथे ऐकलंत. पोलिसांच्या एका कागदावरही ते नव्हतं.

तीन वर्षं लागली. शेवटी सही करणारा तो माणूस कोर्टात उभा राहिला, दादाकडे बघून म्हणाला, "मी बघितलंच नव्हतं. सही कर म्हणाले म्हणून केली," आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

दादा सुटला त्या दिवशी कोर्टाबाहेरच्या गाडीवर आपण काडीला लावलेल्या माशाच्या वड्या खाल्ल्या. दादा म्हणाला, "त्याला आत टाकायला पाहिजे." तुम्ही कागदी कपातून गरम रस्सा पीत होतात. म्हणालात, "तीन वर्षं तो झोपला नाहीये, गी-सोक. तोंड बघितलंस ना त्याचं? तुम्ही दोघं एक लक्षात ठेवा. कोणासाठीही खोट्या कागदावर सही करायची नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही."

दादा हसला. म्हणाला, "तुमच्यासाठी कशाला करायला लागेल?"

तुम्ही पण हसलात. मी पण.

मग मावश्यांनी तुमच्या मागे लकडा लावला की उभ्या राहा. तुम्ही नको नको म्हणत होतात. योंग-डोक मावशी म्हणाली, "तुला बोलता येतं, आम्हाला ओरडता येतं, अजून काय लागतं?" मी तेव्हा अठराची. निळं जाकीट घालून प्रचाराच्या गाडीपुढे नाचायचे. तुम्हालाही नाचायला लावलं. काय तो नाच, बाई! ओहोटीत उघडा पडलेला खेकडा बरा. बाजारातल्या पोरी तुमच्यासारखं करून दाखवायच्या आणि तुम्ही त्यांना विचारायचात, "हात असा ना? असा?" दादाने नोकरी सोडून तुमची गाडी चालवायला घेतली ती तेव्हापासून.

हरलात. मी घरी रडत बसले. आईने सकाळी सहाला उठवलं, म्हणाली, "चल, बाई चौकात उभी आहे." थंडी होती. तुम्ही पांढरे हातमोजे घालून चौकात उभ्या आणि येणाऱ्या जाणाऱ्या गाड्यांना कमरेतून वाकून नमस्कार करताय. दुसरे पडलेले उमेदवार पण करतात तसं, पण ते अर्धा तास करतात, तुम्ही तीन तास केलंत. एका ट्रकवाल्याने काच खाली केली. "अहो बाई, निवडणूक संपली! घरी जा!"

तुम्ही बसलेल्या आवाजात ओरडलात, "ऐकलंय! हरले मी! आभार मानायला आलेय!"

तो थोडं पुढे गेला, गाडी बाजूला लावली, आणि गरम कॉफीचा डबा आणून तुमच्या हातात दिला. तुम्ही घेतलात. मी म्हटलं, आपण पण त्याला एक संत्रं देऊ, माझ्या पिशवीत होतं. तुम्ही माझा हात धरलात. "नको. तो मला देऊ शकतो, मी त्याला देऊ शकत नाही. मी पुन्हा उभी राहणार आहे. उमेदवाराने मतदाराला पाण्याची बाटलीसुद्धा द्यायची नाही. देणाऱ्यावर खटला, घेणाऱ्याला पन्नास पट दंड." मी म्हटलं, एका संत्र्याला? म्हणालात, "एका संत्र्याला."

म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. तेव्हापासून माहीत होतं.

आई गेली तेव्हा सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे पैशांची पाकिटं दिली. तुम्ही दिलं नाहीत. आत्याने तोंड वाकडं केलं, एवढी जवळची म्हणवते आणि रिकाम्या हाताने आली म्हणे. तुम्ही अस्तन्या वर केल्यात आणि तीन दिवस मागे मोरीवर बसून भांडी घासलीत. येईल त्याचा वाडगा तुमच्या हातातून जायचा. तिसऱ्या दिवशी आत्याच तुमच्यासाठी सूप घेऊन आली.

तेव्हा तुम्ही एवढं सांभाळलंत ना. मग से-बोमच्या वेळी का नाही सांभाळलं? हे मी तुम्हाला रागाने विचारत नाहीये. पण तीन रात्री माझ्या डोक्यात हेच फिरतंय.

दुसऱ्यांदा थोडक्या मतांनी हरलात. मग मार्चमध्ये तिसरी निवडणूक डोक्यावर आली, आणि त्यातच माझ्या पोरीचा पहिला वाढदिवस. सासरचं कोणी येण्यासारखं नाही, नवरा समुद्रात, आई नाही. मीच तुमच्या मागे लागले. कूसाहेब नको म्हणत होते, तुम्ही पण नको म्हणत होतात. मी म्हटलं, "नुसतं येऊन वाढदिवसाचं शेवाळाचं सूप प्या. मतदार उमेदवाराला पाजू शकतो की!" तुम्ही हसलात आणि आलात. म्हणजे तुम्हाला आणलं मी. हे मी कचेरीतही सांगितलंय.

शेडच्या जेवणाच्या खोलीत ताट मांडलं होतं, पोरगी उचलेल ते तिचं नशीब म्हणून. दोरा, कुंचला, नोटा, चेंडू, आणि तुम्ही येणार म्हणून योंग-डोक मावशीने न्यायाधीशाचा लाकडी हातोडा कुठून तरी पैदा केला होता. सगळ्या ओरडतायत, "हातोडा घे! हातोडा घे!" आमच्या छोट्या बाईसाहेबांनी हातोडा उचलला, मावशीच्या पायावर टाकला, आणि तांदळाची वडी तोंडात कोंबली. मावशी एका पायावर नाचतेय आणि तुम्ही डोळे पुसताय हसून. "बरं झालं," म्हणालात, "ही जेवेल तरी वेळेवर."

मग सगळ्या भांडी उचलायला गेल्या आणि खोलीत आपण तिघीच राहिलो. तुम्ही पिशवीतून सोन्याच्या अंगठीची ती लाल डबी काढलीत.  मी म्हटलं, "वकीलबाई..."

तुम्ही म्हणालात, "गप्प. हे उमेदवार देत नाहीये. तुझ्या आईने घातली असती ना नातीला? तिच्या वतीने घालतेय."

आणि घातलीत. पोरीच्या बोटाला ती सैल होती, तुम्ही आतून दोरा गुंडाळलात, तोंडात घालेल म्हणून दोनदा गाठ मारलीत. मला नको म्हणायला पाहिजे होतं. तुमच्या हातातून काढून परत डबीत ठेवायला पाहिजे होती. पण तुम्ही आईचं नाव काढलंत. 

आता ते सांगते. वर मी लिहिलंय की कोणीतरी फोटो टाकला. ते खोडत नाही, पण ते खोटं आहे. मीच टाकला. ग्रुपवर सगळ्या आया टाकतात, सासूने काय घातलं, आईने काय घातलं. माझ्याकडे दाखवायला कधी काही नसतं. मी पोरीच्या हाताचा फोटो काढला, त्यात तुमची निळी बाही आली, आणि खाली लिहिलं, "आमच्या वकीलआजीने घातली." चाळीस बदाम आले. मी दिवसभर मोजत होते, वेड्यासारखी. दोन दिवसांनी काढून टाकला, तोवर कोणीतरी ठेवून घेतला होता.

तुम्ही निवडून आलात तेव्हा ते बाहेर निघालं.

मागच्या सोमवारी कूसाहेब घरी आले. हातात स्ट्रॉबेरीचा डबा. दारात चपला काढता काढता त्यांना आठवलं, तसे परत खाली गेले, डबा गाडीत ठेवला आणि रिकाम्या हाताने वर आले. मला एरवी हसू आलं असतं. बसले, पोरीकडे बघितलं, म्हणाले, "दा-सोम, अंगठी तुझ्या भावाने घेतली. मामाने भाचीला दिली. सोनाराकडे तोच गेला होता, दुकानाच्या कॅमेऱ्यात तोच आहे, रोख दिलेत. तुला एवढंच सांगायचंय की ती मामाची आहे. आणि फोटोखाली लिहिलं ते गमतीने."

मी विचारलं, "वकीलबाईंना माहीत आहे?"

"त्यांना सांगायचं नाही. सांगितलं तर त्या स्वतः उठून कबूल करून येतील. तू ओळखतेस ना त्यांना?"

"ओळखते."

"तेरा वर्षं, दा-सोम. दोनदा हरल्या. चौकात वाकून वाकून कंबर गेली त्यांची. कोर्टाने ठराविक रकमेच्या वर दंड केला की खुर्ची गेली. एका अंगठीपायी. तुझ्या एका फोटोपायी."

मी म्हटलं, "बरं." खरंच म्हटलं. मला भीती वाटत होती, म्हणून बरं म्हटलं.

मग दादाला फोन लावला. तो राजधानीत तुमची नवीन खोली लावतोय. म्हणाला, "तू काही बोलू नकोस, मी बघतो. मी सांगणार मी घेतली. सोनारसुद्धा तेच सांगेल, त्याने मलाच बघितलंय."

मी म्हटलं, "दादा, तू आणलीस, पण पैसे देऊन घेतली त्यांनी."

"फरक काय पडतो?"

"सही करावी लागेल."

"करीन."

"कोर्टाबाहेर काय म्हणाल्या होत्या त्या? माझ्यासाठीसुद्धा नाही."

तो एकदम ओरडला. माझ्यावर तो कधी ओरडत नाही. "माझ्यासाठी त्यांनी तीन वर्षं घातली! मला एक सही जड आहे? तुला पोरगी आहे म्हणून तू घाबरतेस. भित्री कुठली! गप्प बस, नाहीतर भाऊ म्हणू नकोस." आणि फोन ठेवला. तेव्हापासून माझा नंबर दिसला की तो उचलत नाही. बावीस वेळा केला. मेसेज पण बघत नाही.

तो बरोबर बोलला. मी भित्रीच आहे. पोलीस दिसला की मी अजून रस्ता बदलते, दादाला नेलं तेव्हापासून. पण वकीलबाई, मला त्या टेबलाची भीती वाटतेच, आणि दादा त्या रडणाऱ्या माणसासारखा होईल याची त्याहून जास्त वाटते.

गुरुवारी सकाळी मी से-बोमला पाठीला बांधलं आणि कचेरीत गेले. बोलावणं पुढच्या आठवड्यातलं होतं, पण मला थांबवेना. तिथला कारकून माझ्याच वयाचा, चष्मेवाला, चांगला मुलगा. पोरगी रडायला लागली तर त्याने तिला हातात रिकामी फाईल दिली चावायला. मी सगळं सांगितलं. कोणी घेतली, कोणी आणली, कोणी घातली, फोटो कोणी टाकला. कूसाहेब आले होते तेही सांगितलं. लपवायचं तर सगळंच लपवावं लागलं असतं. अंगठी रुमालातून काढून दिली. त्याने ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर आकडा चिकटवला. दोरा अजून आत तसाच होता. म्हणाला, "स्वतःहून आलात, तुम्हाला दंड नाही." हे मला माहीत नव्हतं, देवाशपथ. आता गाव म्हणेल, दा-सोमने पन्नास पट वाचवायला बाईला विकलं. मी त्याला म्हटलं, मला दंड लावा, मी हळूहळू फेडीन. तो म्हणाला, "काकू, तसं मागून मिळत नाही." काकू म्हणाला मला!

मग त्याने एक ओळ वाचली. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नातं काय.

मी म्हटलं, "आईसारख्या आहेत."

तो म्हणाला, "सारख्या नाही चालत. नातेवाईक असतील तर हा गुन्हाच होत नाही. वाढदिवसाला आजीने, आत्याने, मावशीने दिलं तर कायद्याला चालतं. काही नातं आहे का? लांबचं पण चालेल. आठवून सांगा."

त्याला बिचाऱ्याला मदत करायची होती. पेन धरून थांबला होता. मी विचार केला हो. खूप विचार केला. आईकडची मावशी सांगावी, कोणाला कळतंय, असंही मनात आलं. पण घराण्याचा दाखला त्याच्या कॉम्प्युटरवर समोर उघडाच होता, आणि नसता तरी काय? एक खोटं नको म्हणून आले आणि दुसरं लिहून जाऊ?

मी म्हटलं, "कोणी नाहीत."

त्याने तसं लिहिलं. नातं: काही नाही. मग मला दाखवलं, बरोबर आहे का वाचा म्हणाला, आणि प्रत्येक पानावर माझा अंगठा घेतला. त्या ओळीखाली पण.

हेच सांगायचं होतं मला. बाकी सगळं मी तुम्हाला समोर बसून सांगितलं असतं. हे सांगवलं नसतं. आईनंतर माझ्या लग्नात तिच्या जागी तुम्ही बसलात, से-बोम झाली तेव्हा दवाखान्यात सूप घेऊन तुम्ही आलात, आणि मी सरकारी कागदावर अंगठा दिला की तुम्ही माझ्या कोणी नाही. बाहेर येऊन जिन्यावर बसून राहिले. पोरगी पाठीवर केस ओढत होती.

खुर्ची जाईल का, असं मी त्या मुलाला विचारलं. म्हणाला, ते कोर्ट ठरवतं. तुमच्याशी या विषयावर बोलू नका असंही म्हणाला. पत्राचं तो काही बोलला नाही. कदाचित हेही चुकत असेल. चुकत असेल तर ते माझ्या माथी.

वकीलबाई, तुम्ही मला रागवा. फोनवर रागवा, येऊन रागवा, शेडमध्ये सगळ्यांसमोर रागवा. पण माझ्याशी बोलणं सोडू नका. मला अजून सगळं तुम्हालाच विचारायचं असतं, पोरीला ताप आला तर काय करू, नवऱ्याला काय लिहू. आणि तुम्ही काय कराल ते मला ठाऊक आहे. पत्र वाचाल, चष्मा काढाल, आणि स्वतःच कचेरीत जाल. कूसाहेब अडवतील. जा तुम्ही. मला वाटतं तुम्ही तशाच आहात, म्हणून मला सांगायचा धीर झाला.

पण त्याआधी दादा. त्याला उद्या, सोमवारी, दुपारी दोनला बोलावलंय. राजधानीहून सकाळच्या बसने येईल तो परस्पर कचेरीत जाईल. मी आधीच सगळं सांगून आलेय हे त्याला माहीत नाही. कूसाहेबांनाही नाही, मी त्यांना बरं म्हटलंय ना. तो आत जाऊन सांगेल मी घेतली, सही करेल, अंगठा देईल, आणि माझा कागद त्याच टेबलाच्या खणात असेल. एकदा दुसऱ्याच्या खोट्या सहीने तो आत गेला होता. आता स्वतःच्या सहीने जाईल. मी बसस्टँडवर थांबणार आहे, पण तो मला बघून दुसऱ्या दाराने उतरेल, एवढा मी त्याला ओळखते. माझं तो ऐकणार नाही. तुमचं ऐकेल.

हे पत्र मी आता ऑफिसच्या दाराखालून सरकवते.

कागदावर काहीही लिहिलेलं असो, तुमचीच,
दा-सोम

पत्र बंद करताना आठवलं, की खासदारांची पत्रं आता त्या स्वतः उघडत नाहीत. म्हणून उद्या सकाळी जो कोणी हे उघडेल त्याला सांगते. ताई असा किंवा दादा, मी तुम्हाला ओळखत नाही. सगळं वाचलंत तरी चालेल, मला लाज नाही वाटणार. पत्र वकीलबाईंच्याच हातात द्या, कूसाहेबांच्या नाही. पण ते नंतर. आधी ऑफिसच्या फोनवरून माझ्या भावाला, बान गी-सोकला फोन करा. नंबर पाकिटाच्या मागे मोठ्या आकड्यात लिहिलाय. ऑफिसचा नंबर दिसला की तो उचलतो. बसमध्ये झोपला असेल तर परत करा. त्याला म्हणा, तुझ्या बहिणीने खरं सांगून टाकलंय, आता तुला काही वाचवायचं राहिलं नाही, तू सही करू नकोस. दोन वाजायच्या आत. कृपा करून त्याला फोन करा.